मिसेस मॉसच्या तव्याची खूण

मी एक जुना काशाचा थाळा आहे. जेवायचा नव्हे, जेवायला बोलावणारा. डॅलवुड हॉलच्या मोठ्या जिन्यापाशी, ओकच्या चौकटीत मी टांगलेला असतो. घरातले मला गाँग म्हणतात. मित्रांनो, मला हळू बोलता येत नाही, आणि आज तर मी इतका हरखलो आहे की कुणी हात न लावताही अंग थरथरतंय. माझ्या कडेला वीतभर चीर आहे. आज सकाळी ती कायमची बुजवली जाणार होती. तिच्याबरोबर एक माणूसही पुसलं जाणार होतं. पण पहिल्यापासून सांगतो.

माझा जन्म बर्मिंगहॅमच्या एका ओतशाळेतला. हे मुद्दाम सांगतो, कारण जुने लॉर्डसाहेब पाहुण्यांना सांगत की मला चीनच्या एका सरदाराच्या महालातून आणलं. कारखान्याचा शिक्का दिसू नये म्हणून मला भिंतीकडे पाठ करून टांगलं होतं. बडा घर पोकळ वासा म्हणतात, ते काही उगाच नाही.

तरी घराणं वजनदार होतं, हे मान्य करायला हवं. संसदेत जे ठरायचं ते आधी आमच्या टेबलावर, सूप आणि मटणाच्या मधे ठरायचं. संध्याकाळी सातला माझा पहिला नाद: वर जा, कपडे बदला. आठला दुसरा: जेवायला चला. मंत्री असो की बिशप, सातचा नाद झाला की अर्धं वाक्य तोंडातच ठेवून जिना चढायचा. देशावर त्यांचा हुकूम, आणि त्यांच्यावर माझा. फुशारकी वाटत असेल तर वाटू द्या.

मला वाजवायचा मान बटलर मिस्टर पेनफोल्ड यांचा. आधी कुजबुज, मग चढता नाद, मग उतरता, असं चांगलं दोन मिनिटं चालायचं. मागच्या हिरव्या दारापलीकडे, खालच्या स्वयंपाकघरात, मिसेस मॉस जळफळत असायच्या. त्या घरच्या स्वयंपाकीण.

"तुमचं आळवणं होईस्तोवर माझं सूप थंड होतं, मिस्टर पेनफोल्ड. एक दणका द्या आणि मोकळे व्हा."

"गाँगला दणका देत नसतात, मिसेस मॉस. तो काही तुमचा तवा नाही."

हे भांडण वीस वर्षं मी दाराआडून ऐकलं. बाईंना मी पाहिलं मात्र नव्हतं. स्वयंपाकिणीने हिरव्या दाराच्या अलीकडे पाऊल टाकायचं नाही, असा घरचा रिवाज होता.

१९०९च्या नाताळात घरात चौदा पाहुणे होते. सातला दहा मिनिटं कमी असताना पूर्वेकडच्या वरच्या मजल्यावर धुराडं पेटलं. पेनफोल्डांनी धूर पाहिला आणि ते धावत माझ्याकडे आले. बटलर कधी धावत नाही, ते धावले. मी मनात म्हटलं, आज पोटभर ओरडायचं! पण त्यांच्या हाताला तीस वर्षांची सवय. आधी कुजबुज, मग चढ, मग उतार.

आणि काय झालं असेल, ओळखा. दिवाणखान्याचं दार उघडलं आणि सगळे हसतखेळत जिना चढू लागले. कपडे बदलायला. आगीच्या दिशेने!

लॉर्डसाहेबांच्या आई, थोरल्या बाईसाहेब लेडी युफेमिया, काठी टेकत माझ्यापुढून गेल्या. "दहा मिनिटं लवकर, पेनफोल्ड? वय झालं तुमचं."

"क्षमा असावी, बाईसाहेब. वर आग लागली आहे."

"मग नोकरांना सांगा. मला कपडे बदलायचे आहेत."

त्याही वर गेल्या. पेनफोल्ड मला वाजवायचा दांडा धरून थिजले. लॉर्डांच्या अंगावर ओरडायचं कसं, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

तेवढ्यात हिरवं दार धाडकन उघडलं. मिसेस मॉस! कोपरापर्यंत पीठ, हातात बिडाचा तवा. "बाजूला व्हा, मिस्टर पेनफोल्ड," एवढंच म्हणाल्या आणि त्यांनी मला बडवायला सुरुवात केली.

मित्रांनो, काय तो आवाज! अख्खं फडताळ भांड्यांसकट कोसळावं तसा. आठव्या घावाला माझी कड तडकली. जीव कळवळला. पण खरं सांगू? उभ्या जन्मात मला इतका आनंद झाला नव्हता. कारण मला जे सांगायचं होतं तेच पहिल्यांदा माझ्या तोंडून बाहेर पडत होतं.

वरची दारं भराभरा उघडली. लॉर्डसाहेब एका पायात मोजा घालून, एक मंत्री तोंडाला साबणाचा फेस लावून खाली आले. थोरल्या बाईसाहेब केसांचा टोप विसरून काठी उगारत उतरल्या.

"कोण ही बाई? हिला आत्ताच्या आत्ता कामावरून काढा."

"काढा ना, बाईसाहेब. पण बाहेर हिरवळीवर चला, तिथं काढा."

मिसेस मॉसना रागवायला म्हणून सगळे बाहेर पडले. समोरचं दार सताड उघडं होतं, मला सारं दिसत होतं. पूर्वेकडचं छप्पर कोसळलं तेव्हा चौदाच्या चौदा पाहुणे आणि घरचे झाडून सगळे हिरवळीवर होते. मिसेस मॉसनी भाजलेलं मटण बाहेर आणलं, आणि थोरल्या बाईसाहेबांनी ते हातांनी खाल्लं. कामावरून काढायचा विषय पुन्हा निघाला नाही.

उलट बाईसाहेबांनी नियम केला. दर नाताळात मला एकदा तव्याने बडवायचं, आणि तो आवाज झाला की हातातलं टाकून सगळ्यांनी हिरवळीवर जायचं. चाळीसेक वर्षं नियम चालला, मग मागे पडला. पुढे घराण्याचा जाडजूड इतिहास छापला गेला. त्यात आगीची एकच ओळ: 'लॉर्डसाहेबांच्या प्रसंगावधानामुळे सर्वजण बचावले.' त्यात मी आहे, तोही चीनचा. मिसेस मॉस नाहीत. त्यांची एकच नोंद उरली, माझ्या कडेवरची चीर.

आता लोक तिकीट काढून हे घर बघायला येतात. आताच्या लॉर्डसाहेबांची मुलगी सेसिली सगळा कारभार बघते. पोर गुणाची आहे. मी नव्यासारखा दिसावा म्हणून तिने आज चीर भरायला कारागीर बोलावला. मायेनेच बोलावला, पण माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं.

कारागिराने हातोडीने माझी कड ठोकून पाहिली. तोच फाटका आवाज!

आणि वरचं दार उघडलं. चौऱ्याऐंशी वर्षांचे लॉर्ड रुपर्ट, अर्ध्या गालाला दाढीचा साबण, कठडा धरत खाली आले आणि थेट बाहेर चालू लागले.

"बाबा, कुठे निघालात?" सेसिली मागे धावली.

"आवाज झाला ना. तूही चल."

"आग नाहीये, बाबा."

"ते बाहेर जाऊन बघायचं असतं."

हिरवळीवर थंडीत उभं राहिल्यावर त्यांचं त्यांनाच हसू आलं. लहानपणचा नियम पायांच्या लक्षात होता. आत येऊन त्यांनी माझ्या चिरेवरून बोट फिरवलं. "हिला कुणी हात लावायचा नाही. स्वयंपाकिणीच्या तव्याची खूण आहे ही. तिच्यामुळे आपण आहोत." मग वडिलांकडून ऐकलेली सगळी गोष्ट त्यांनी लेकीला सांगितली.

सेसिलीने तो तवा शोधून काढला आणि माझ्या शेजारी टांगला. मग पाटी लिहायला बसली. "बाबा, मिसेस मॉसचं पहिलं नाव काय होतं?"

लॉर्डसाहेबांना ते कधी कुणी सांगितलंच नव्हतं. स्वयंपाकिणीचं लग्न झालेलं असो नसो, तिला मिसेस म्हणायचं, की काम भागलं. मित्रांनो, मी सगळ्या लॉर्डांची नावं घडाघडा म्हणून दाखवीन. मिसेस मॉसचं मलाही ठाऊक नाही. मीही बड्या घरचाच ना.

पाटीवर 'मिसेस' आणि 'मॉस' यांच्यामध्ये सेसिलीने बोटभर जागा कोरी सोडली आहे. मला घासूनपुसून ठेवलं नाही तरी चालेल. पण तुम्हाला रोज जे कुणी शिजवून वाढतं, त्याला त्याचं पूर्ण नाव विचारा. आज जेवायला बसाल तेव्हाच विचारा. आमच्या घरी विचारायला फार उशीर झाला.