सात दिवसांच्या आतलं कॅन्सलेशन

मिरजेच्या एका मंगल कार्यालयात वसुंधराबाई एकतीस वर्षं बुकिंगच्या टेबलावर बसल्या होत्या. हॉल कुठल्या तारखेला मोकळा, अॅडव्हान्स किती, स्वयंपाकघराचं डिपॉझिट किती आणि लग्न मोडलं तर त्यातलं परत किती, हे सगळं त्यांना वही न उघडता सांगता यायचं. मालक दीनानाथशेठ यांची शिकवण एकच होती. बुकिंग करायला आलेल्या माणसाला उभ्या उभ्या पावती दिली तरी चालेल, पण रद्द करायला आलेल्याला आधी बसवायचं, पाणी द्यायचं आणि काय झालं ते विचारायचं. त्या विचारण्यातून निदान दहा-बारा लग्नं परत रुळावर आली होती, असं वसुंधराबाई अजूनही सांगत.

निवृत्त झाल्यावर त्या सहा महिन्यांसाठी मुलाकडे न्यूझीलंडला आल्या. एकट्याच आल्या, कारण त्यांच्या यजमानांना, काशिनाथरावांना, विमानात बसायचं म्हटलं तरी घाम फुटायचा. मुलगा मकरंद ऑकलंडला एका बँकेत कॉम्प्युटरचं काम करत होता. दोन वर्षांपूर्वी ती नोकरी सोडून त्याने हॅमिल्टनपासून तासाभराच्या अंतरावर, समुद्रकाठी, एक हॉलिडे पार्क चालवायला घेतला होता. गवताच्या मैदानात चाळीस जागा, प्रत्येक जागेला नंबर आणि विजेचा खांब, शिवाय सगळ्यांना मिळून एक स्वयंपाकघर आणि न्हाणीघरं. लोक आपापली मोटरहोम घेऊन यायचे. मोटरहोम म्हणजे इंजिन लावलेलं घरच. आत ओटा, पलंग, फ्रिज, संडास, सगळं. मकरंदचं स्वतःचं घर हॅमिल्टनच्या रोटोटुना भागात होतं, पण उन्हाळ्यात सगळं कुटुंब पार्कच्या ऑफिसमागच्या दोन खोल्यांत राहायला यायचं. त्याची बायको मनाली फार्मासिस्ट होती, ती तिथूनच हॅमिल्टनला जाऊन-येऊन करायची. नऊ वर्षांच्या गार्गीला सुट्टी होती. आजीचं मराठी तिला सगळं कळायचं, उत्तरं मात्र इंग्रजीत यायची.

ऑफिसच्या भिंतीवर मकरंदने ठळक अक्षरांत एक बोर्ड लावला होता. सात दिवस आधी रद्द केलं तर वीस डॉलर कापले जातील, आणि सात दिवसांच्या आत रद्द केलं तर पूर्ण डिपॉझिट जाईल. या बोर्डाला कारण होतं. मागच्या ईस्टरला वादळाचा अंदाज आला आणि दोन दिवसांत अकरा गाड्यांनी बुकिंग रद्द केलं. मकरंदने भिडेखातर सगळ्यांचे पैसे परत केले. वादळ दक्षिणेकडे निघून गेलं आणि चार दिवस मोकळ्या गवतावर लख्ख ऊन पडून राहिलं. त्यानंतर त्याने ठरवलं, नियम म्हणजे नियम.

जानेवारीच्या शेवटच्या लाँग वीकेंडला तीन दिवस राहिले होते. मंगळवारी दुपारी मकरंद स्वयंपाकघराची तुंबलेली मोरी उघडून बसला होता आणि ऑफिसात वसुंधराबाई होत्या. फोन वाजला. त्यांचं इंग्रजी तुटक होतं, पण बुकिंगपुरतं पक्कं होतं.

पलीकडे हॅमिल्टनजवळच्या केंब्रिज गावाहून नॉर्मन नावाचे एक म्हातारे गृहस्थ होते. चौदा नंबरची जागा रद्द करायची आहे, म्हणाले. डिपॉझिट जाणार हे त्यांना ठाऊक होतं आणि त्यासाठी फोन केला नव्हता. जागा दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडावी एवढंच त्यांचं म्हणणं होतं. दुसरं कुणी असतं तर आभार मानून खोडून टाकलं असतं. वसुंधराबाईंनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, काय झालं?

म्हातारबुवा सांगू लागले. काल डोळ्यांच्या डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली होती. मोतीबिंदू. ऑपरेशनची तारीख मार्चमधली. एकोणीस वर्षं दर जानेवारीला ते आणि त्यांची बायको डोरीन याच पार्कमध्ये, याच जागेवर येत होते. आता मोटरहोम दारात उभी होती, चालवणारं कुणी नव्हतं. डोरीन घरातली छोटी कार चालवायची, पण हे धूड तिने कधी हातात घेतलं नव्हतं.

वसुंधराबाईंनी त्यांना सांगितलं की आज मी रद्द लिहीत नाही, उद्या फोन करते. का, ते त्यांचं त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. एकतीस वर्षांची सवय.

तासाभरात दुसरा फोन आला. या वेळी टे अवामुटू गावाहून अरोहा नावाची एक बाई होती आणि तिचा आवाज रडवेला होता. त्यांनी भाड्याने मोटरहोम ठरवली होती, आणि त्या कंपनीने एकच गाडी दोघांना दिल्याचं आज सकाळी कळवलं होतं. भाडं परत मिळालं, पण इथल्या जागेचं डिपॉझिट बुडणार. चूक आमची नसताना हे पैसे जावेत का, असं ती विचारत होती. नवऱ्याला तीन वर्षांत पहिल्यांदा या वीकेंडला सुट्टी मिळाली होती, आणि जुळ्या मुलींनी आठवडाभर आधीपासूनच पोहायचे टॉग्ज घालून घरात फिरायला सुरुवात केली होती.

वसुंधराबाईंनी विचारलं, नवरा करतात काय? दुधाचा टँकर चालवतो, अरोहा म्हणाली. केवढा मोठा? मागे ट्रेलर जोडलेला, भरला की चव्वेचाळीस टन. हे का विचारतायत हे न कळूनही ती सांगत गेली.

फोन ठेवून वसुंधराबाईंनी दोन्ही पत्ते शेजारी शेजारी लिहिले आणि गार्गीला नकाशात अंतर बघायला सांगितलं. पंचवीस मिनिटं निघालं. आजीच्या डोक्यात काय चाललंय ते गार्गीच्या लगेच लक्षात आलं.

"आजी, यू कान्ट जस्ट डू दॅट," ती म्हणाली.

मकरंद हात पुसत आत आला तेव्हा त्याला सगळा बेत ऐकायला मिळाला. एकाकडे गाडी आहे, चालवणारा नाही. दुसऱ्याकडे चालवणारा आहे, गाडी नाही. टँकरवाल्याने म्हाताऱ्यांची मोटरहोम इथवर आणायची, बायकोने मुलींना घेऊन आपल्या कारने मागून यायचं, सोमवारी तसंच परत जायचं. मकरंदने एकेक अडचण काढली. आपल्याला एकाचा फोन नंबर दुसऱ्याला देता येत नाही. गाडीचा विमा आहे. आणि त्या चौघांनी झोपायचं कुठे?

"आणि आई, इथे कुणी अनोळखी माणसाच्या हातात गाडीची किल्ली देत नाही."

"तिकडे लोक मुलगी देतात," वसुंधराबाई म्हणाल्या. "एकतीस वर्षं मी तेच बघत होते."

मकरंदला हसू आलं, पण तो हटला नाही. ईस्टरची आठवण त्याने पुन्हा काढली. त्या दोघांनी रद्द केलं तर डिपॉझिट जाणार, त्यात बदल होणार नाही, असं त्याने बजावलं.

"बदल कर असं कोण म्हणतंय?" वसुंधराबाई म्हणाल्या. "रद्द झालंच नाही तर तुझा नियम लागणार कुठे?"

नंबर त्यांनी कुणाचाही कुणाला दिला नाही. आधी नॉर्मनना विचारलं, मग अरोहाला, आणि दोघांनी हो म्हटल्यावरच पुढची बोलणी केली. नॉर्मननी विमा कंपनीला विचारून घेतलं. पंचवीस वर्षांवरचा, पक्कं लायसन्स असलेला कुणीही चालवू शकत होता. तरी म्हातारबुवांचा जीव गाडीत अडकलेला. बराच विचार करून त्यांनी एकच प्रश्न पाठवला. तो माणूस गाडी मागे घेताना आरशात बघतो की कॅमेऱ्यात?

वसुंधराबाईंनी तो प्रश्न जसाच्या तसा टे अवामुटूला पोचवला. अरोहाच्या नवऱ्याने, हेमीने, फोन स्वतःकडे घेतला आणि उत्तर दिलं, "आरशात."

बुधवारी संध्याकाळी हेमी केंब्रिजला जाऊन आला. चहा झाला, गाडीची एक फेरी झाली, आणि नऊ वाजता नॉर्मननी पार्कच्या फोनवर निरोप ठेवला की चौदा नंबर येणार आहे.

राहिला प्रश्न हेमीच्या कुटुंबाच्या झोपण्याचा. त्यांच्याकडे तंबूही नव्हता. पण पार्कच्या शेडमागे एक जुनी कॅरॅव्हॅन पडून होती. कारच्या मागे जोडून ओढायची, बिनइंजिनाची. पार्क घेतला तेव्हाच ती सोबत आली होती आणि मकरंद ती भंगारात द्यायचं म्हणत होता. वसुंधराबाईंनी बुधवारी सकाळीच तिचं दार उघडलं तर आत उंदरांनी संसार थाटलेला. त्यांनी पदर खोचला. गाद्या उन्हात टाकल्या, फळ्या सोड्याने घासल्या, खिडक्यांना व्हिनेगर लावलं. गार्गी बादल्या भरून देत होती. गुरुवारी मनाली कामावरून आली ती सरळ कॅरॅव्हॅनमध्येच शिरली. फार्मसीतले हातमोजे तिने सोबत आणले होते. सासूबाईंनी नको म्हणून पाहिलं, पण तिने केस वर बांधले आणि म्हणाली की दिवसभर लोकांचे आजार ऐकल्यावर काहीतरी खसाखसा घासायला मिळालं तर बरंच वाटतं. दोघींनी मिळून जुन्या चादरींचे पडदे शिवले. रात्रीच्या जेवणाआधी मकरंद तिकडे गेला, गॅसची नवी नळी बसवली, विजेची तार तपासली, आणि दाराच्या कुरकुरणाऱ्या बिजागरीत तेल घालून आला.

शुक्रवारी चार वाजता मोटरहोम टेकडी उतरताना दिसली. मागे अरोहाची निळी कार. मकरंद ऑफिसच्या पायरीवर हाताची घडी घालून उभा होता. हेमी चांगला धिप्पाड माणूस, स्टिअरिंगमागे दाटीवाटीने बसल्यासारखा दिसत होता. शेजारी नॉर्मन हाताने डावीकडे, उजवीकडे, हळू, अजून हळू, असं सांगत होते. हेमीने गाडी चौदा नंबरपुढे नेली आणि एका दमात मागे घेऊन दोन खांबांच्या बरोबर मधे लावली.

नॉर्मन उतरले. त्यांनी गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारली, मागचं चाक बुटाने चाचपलं आणि परत येऊन हेमीच्या खांद्यावर हात ठेवला. "स्वीट ॲज," म्हणजे एकदम झकास, असं हेमी म्हणाला आणि किल्ली त्यांच्या हातात दिली. डोरीन उतरली ती दोन्ही जुळ्यांना हाताशी धरूनच. अर्ध्या रस्त्यात मुली आईच्या कारमधून डोरीनच्या मोटरहोममध्ये बदलून गेल्या होत्या. कॅरॅव्हॅनमध्ये शिरल्याबरोबर त्यांनी वरचा पलंग कुणाचा यावर भांडण सुरू केलं, आणि अरोहाने वसुंधराबाईंना मिठीच मारली. वसुंधराबाईंना अशा मिठीची सवय नव्हती. हात कुठे ठेवायचे ते कळेना, मग त्यांनी तिची पाठ थोपटली.

शनिवार समुद्रावर गेला. संध्याकाळी वसुंधराबाईंनी सगळ्यांच्या स्वयंपाकघरात कांद्याची भजी काढली. वासाने तिसऱ्या रांगेतले लोकसुद्धा ताटल्या घेऊन आले. हेमीने किती खाल्ली ते मोजायचं गार्गीने मधेच सोडून दिलं. भांडी घासताना मकरंद आईशेजारी येऊन उभा राहिला.

"बोर्ड काही मी काढणार नाही," तो म्हणाला.

"राहू दे की."

"पण रद्द करायचे फोन यापुढे तूच घे."

वसुंधराबाईंनी मान हलवली आणि त्याच्या हातात पुसायला ताट दिलं. त्यांना आतून फार बरं वाटलं होतं. मुलाच्या घरी आल्यापासून त्यांना सगळे जण जपत होते, उचलू देत नव्हते, वाकू देत नव्हते. काम असं कुणी सोपवलं नव्हतं.

रविवारी सकाळी डोरीन त्यांच्याबरोबर चहा घेत बसली होती. बोलता बोलता म्हणाली, एकोणीस वर्षं मी डावीकडच्या सीटवर नकाशा धरून बसले. प्रत्येक वळण मला पाठ आहे. लहानपणी वडिलांच्या फार्मवर ट्रॅक्टर चालवायचे. पण नॉर्मन कधी चालव म्हणाला नाही आणि मीही मागितलं नाही. वसुंधराबाईंनी कप खाली ठेवला आणि हेमी कुठे आहे ते बघायला गार्गीला पाठवलं.

संध्याकाळी सहाला, उन्हं अजून चांगली वर असताना, मागच्या मोकळ्या मैदानात डोरीन स्टिअरिंगवर बसली. शेजारी हेमी. पहिल्यांदा गाडी दोन हात उडी मारून बंद पडली. दुसऱ्यांदाही. बघायला निम्मा पार्क जमला होता. नॉर्मन काळा चष्मा लावून खुर्चीत बसले होते. अरोहाने विचारलं, बघवतंय ना तुम्हाला? "मला काही दिसत नाही," ते म्हणाले, "तेच बरं आहे." पण मान त्यांची गाडीच्या आवाजामागे फिरत होती.

तिसऱ्या खेपेला गाडी निघाली. एक फेरी झाली, दोन झाल्या. हेमी उतरला आणि त्याने वसुंधराबाईंना वर चढायचा इशारा केला. त्या नको नको म्हणेपर्यंत डोरीनने दार उघडून धरलं होतं. त्यांनी जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, काढून हातात घेतल्या, साडी सावरली आणि डावीकडच्या सीटवर जाऊन बसल्या. मागच्या बाकावर जुळ्या पट्टे लावून तयारच होत्या.

गाडी वळली ती थेट कपडे वाळत घातलेल्या दोरीच्या दिशेने. मकरंद धावत पुढे गेला आणि ओले टॉवेल, टॉग्ज, कुणाचे काय बघायला न थांबता कवेत गोळा करू लागला. डोरीनने हॉर्न वाजवला, दोरीच्या बराच अलीकडून गाडी सफाईने वळवली आणि मैदानाच्या लांब बाजूला लागल्यावर स्वतःहून दुसरा गिअर टाकला. खुर्चीतून नॉर्मन उठून उभे राहिले होते. वसुंधराबाईंनी खिडकीची काच खाली केली आणि त्यांना हात केला.