अर्जावरची पहिली सही

रविवारची सकाळ होती. दत्तोपंतांनी ओसरीवर बसून चहाची बशी तोंडाला लावली आणि समोरच्या अंगणातून पेट्रोलचा असा भपका आला, की घोट घशातच अडकला.

"शी! सकाळी सकाळी ही घाण!" त्यांनी उपरण्याने नाक दाबले.

समोर सुभद्रा आपल्या पिकअप गाडीचे बॉनेट उघडून आत वाकली होती. ही गाडी तिच्या नवऱ्याने, श्रावणने, कामठीच्या छावणीतल्या लिलावात घेतली होती. उमरेडच्या विणकरांची लुगडी तो इतवारीतल्या दुकानांत पोचवी. दोन वर्षांपूर्वी क्षयाने तो गेला. पण जाण्याआधी बायकोला गाडी हाकायला आणि इंजिन उघडायलाही शिकवून गेला. तेव्हापासून गाडी तीच नेई. शेजारी म्हातारे सासरे, नानाजी, बसत. सन त्रेपन्नच्या त्या गल्लीला बाईने गाडी हाकणेच पचले नव्हते. त्यात विधवा बाई कोपरापर्यंत काळे हात करून भर अंगणात प्लग बदलते, म्हणजे हद्दच झाली!

दत्तोपंत सचिवालयात कारकून होते. जन्मात त्यांच्या बोटांना शाईपलीकडे काही लागले नव्हते. त्यांनी कागद ओढला आणि कॉर्पोरेशनला अर्ज लिहिला. 'वस्तीत घाण होते, स्त्रियांच्या मर्यादेस बाधा येते, सबब सदर बाईस मनाई व्हावी.' अक्षर मोत्यासारखे आले. शाई वाळताच ते कोपऱ्यावरच्या गॅरेजात गेले.

गॅरेजचे मालक बापूजी म्हणजे गल्लीतले प्रतिष्ठित गृहस्थ. त्यांनी कपाळावरचा गंधाचा टिळा सावरत पहिली सही ठोकली, पानाची पिंक टाकली आणि डोळा मिचकावला.

"छान काम केलं, दत्तोपंत. घरी काम बंद झालं की येईल झक मारत माझ्याच दारी. मागं आली होती, तर नुसता हात धरला मी. बाईनं पाना उगारला! आता पाहू." मग हसत म्हणाले, "म्हाताऱ्याचीपण सही घ्या. सुनेविरुद्ध सासऱ्याची सही! वजन येईल अर्जाला."

दत्तोपंत हसले. ओठांच्या कोपऱ्यातून, थोडेसेच, पण हसले.

नानाजी घरात मागावर विणत बसले होते. दत्तोपंतांनी अर्ज वाचून दाखवला. म्हाताऱ्याने धोटा हातातच धरून शांतपणे ऐकले.

"पयली सई कोनाची हाय जी?"

"बापूजींची."

नानाजींनी धोटा खाली ठेवला. मग त्यांनी हाक मारली, "सुभद्रा, इकडं ये वं."

ती दारात आली. हातावर काजळी, पदर कमरेला खोचलेला.

"तू गॅरेजात काहून जात नाई, सांग त्याईले."

सुभद्राने दत्तोपंतांकडे सरळ पाहिले. "तुमाले माईत नाई, भाऊ?"

दत्तोपंतांची मान खाली गेली. माहीत होते! आत्ताच, पाव तासापूर्वी, कळले होते. आणि ते हसले होते!

"माया सुनेचे हात काळे हायेत," नानाजी म्हणाले. "घासलेटानं धुतले का निघते ते. त्या बापूजीचा हात कशानं धुवाल जी तुमी? अन् हा कागद? त्यानं खाली सई केली, पन अक्षर तर तुमचं हाय!"

दत्तोपंतांनी पुन्हा उपरणे नाकाशी नेले. पेट्रोलच्या वासाने नव्हे. ती पिंक, तो मिचकावलेला डोळा, आणि त्याला साथ देणारे आपले ते हसू! केवढी घाण ही! आणि नाक आपण दाबले कशासाठी!

त्यांनी अर्ज टराटरा फाडला.

"फाडून काय होते, भाऊ?" सुभद्रा म्हणाली. "उद्या दुसरा कोनी लिहीन. सांगायचं असन तर चार लोकायसमोर सांगा."

नळावर बाया पाण्याला उभ्या होत्या, पुरुष दातण करत होते. बापूजीही डोलत येत होते. दत्तोपंत नळापाशी गेले.

"बापूजी!" त्यांचा आवाज चिरकला. "सुभद्राबाईंचा हात धरल्याचं तुम्ही मला सांगितलंत, आणि मी हसलो. मला माझीच किळस येते. तुमच्या दारात मी पुन्हा पाऊल टाकणार नाही!"

नळावरच्या बायांनी वळून बापूजींकडे पाहिले. बापूजींनी आजूबाजूला पाहिले, पण एकही चेहरा त्यांच्या बाजूचा दिसला नाही. ते मागे फिरले.

दत्तोपंत परत आले तेव्हा सुभद्रा चौथा प्लग बसवत होती. आधी बोटांनी फिरवून, आटे नीट बसल्यावर पान्याने आवळून. तारांची अदलाबदल होऊ नये म्हणून तिने प्रत्येक तारेला वेगळ्या रंगाचा धागा बांधला होता. त्यांनी बाह्या वर सारल्या.

"मी काय करू, ताई? सांगा."

सुभद्राने बॉनेट लावले, हात पुसले आणि ती गाडीत बसली. शेजारी नानाजी येऊन बसले.

"काई नका करू, भाऊ. फक्त वाटेतून सरका."

ते सरकले. इंजिन एका दमात सुरू झाले आणि गाडी इतवारीकडे निघाली.

बंधूंनो, भगिनींनो, कष्टाने काळ्या झालेल्या हातांची आपल्याला शिसारी येते, आणि टिळा लावलेल्या घाणीकडे पाहून आपण हसतो! स्वतःच्या बळावर उभ्या राहिलेल्या बाईला आपली दया नको असते. तिला मोकळी वाट हवी असते. ती अडवून उभे राहिलेले आपणच असतो, एवढे ओळखा आणि बाजूला व्हा!