बावीस इंची पडदा

तिचा चौकोनी मॉनिटर बारा वर्षं चालला आणि एका सोमवारी, शब्दकोशातल्या 'प'ची पानं लावत असताना, कायमचा काळा झाला. पुस्तकांची पानं लावायचं काम ती घरूनच करायची. सासरे निवृत्त मुद्रितशोधक. ती छापून देईल ते पान भिंगाखाली धरून ते चुका काढायचे आणि कोपऱ्यात सही करायचे. वर्षभरात त्यांच्या नजरेतून बरंच काही निसटू लागलं होतं. दोघांनाही ते ठाऊक होतं, पण विषय कोणी काढत नव्हतं.

दुकानात तिने पर्समधून शिवणाची टेप काढली.

"मॅडम, हा बावीस इंची. तुमचा एकोणीसचा ना? तीन इंच जास्त, वर स्वस्त," विक्रेता म्हणाला.

"ते इंच तिरके मोजलेले. उंची पावणेअकराच भरतेय. माझ्या जुन्याची बारा होती. पान उभं असतं हो."

"आता सगळे आडवेच येतात. सिनेमा मस्त दिसतो."

"सिनेमा बघायला वेळ कुठाय?"

गल्ल्यावरचा मालक ऐकत होता. "आजवर कोणी टेप लावली नव्हती," तो म्हणाला. "पडदा उभा करता येईल असं स्टँड असलेला मॉनिटर मिळतो, पण तो दीडपट महाग. हा घेऊन जा. आठ दिवसांत नाही पटला तर बदलून देतो."

पहिले दोन दिवस चिडचिडीत गेले. अख्खं पान मावायचं तर अक्षर मुंगीएवढं व्हायचं. अक्षर मोठं केलं की अर्धं पान खाली बुडायचं. दोन्ही बाजूंना नुसता राखाडी पट्टा. तिसऱ्या दिवशी त्या जागेचा काही उपयोग करावा म्हणून तिने डावीकडे लेखकाचं हस्तलिखित उघडलं, उजवीकडे आपलं पान.

सासरे मागे येऊन उभे राहिले. "जरा मोठं कर." मग खुर्ची ओढून बसले.

दहा मिनिटांनी त्यांनी विचारलं, "'पाठ'चा दुसरा अर्थ कुठे गेला? डावीकडे 'धडा' आहे, उजवीकडे नाही."

ओळच गळली होती. त्यांनी फाइलमधून छापील पान काढलं. कोपऱ्यात सही होती.

"माझीच आहे," ते म्हणाले.

"ओळ माझ्याकडून राहिली, बाबा."

"ते होतंच. माझ्या हाताखालून गेली कशी?" त्यांनी पान परत फाइलमध्ये ठेवलं. "पहिल्या पानापासून काढ सगळं. असंच, शेजारी शेजारी."

आठव्या दिवसापर्यंत दोनशे पानं झाली आणि एकोणीस चुका निघाल्या. त्या सकाळी तिने मॉनिटरचं खोकं काढलं.

"कुठे चाललीस?"

"बदलून आणते. उभा होणारा."

"उभा केलास तर दोन्ही पानं शेजारी कशी मावणार? मी काय, तुझ्या डोक्यावर बसू?"

तिने खोकं माळ्यावर टाकलं आणि दुकानात फोन लावला.

"पटला म्हणायचा तर," मालक म्हणाला.

"मला नाही. घरात पटलाय."

शब्दकोश महिनाभर उशिरा छापायला गेला, प्रकाशक कुरकुरला. सासरे आता साडेनऊला खुर्चीत येऊन बसतात आणि प्रत्येक ओळ मोठ्याने वाचतात. त्याचा तिला त्रास होतो. अर्ध्या पानापाशी ती थांबते, ते "हं" म्हणेपर्यंत वाट बघते आणि मग पान वर सरकवते.