डावी बाजू

ठकीची कॉलेजला परतायची वेळ जवळ आली, त्याच आठवड्यात तिच्या लक्षात आलं की बाबा ताटातलं अर्धंच जेवतात.

"भात संपला का गं? वाढ थोडा," बाबा आईला म्हणाले. ताटाच्या डाव्या बाजूला भाताचा ढीग जसाच्या तसा होता. ठकी चेष्टा करणार, तेवढ्यात आईनं त्यांचं ताट धरून फिरवलं. बाबा खाली मान घालून पुन्हा जेवू लागले. आईनं ठकीकडे असं पाहिलं की तिचं हसू ओठांतच विरलं.

ठकी हे काही तिचं खरं नाव नव्हे. ते कॉलेजच्या पटावर. घरात आणि गल्लीत ती ठकीच. बाबा शाळेची बस चालवायचे. एवढ्या वर्षांत गाडीला साधा ओरखडा नाही. "गाडी म्हणजे आपल्या डाव्या हातचा मळ," असं म्हणायचे, आणि शाळेच्या मोठ्या बाई नव्या ड्रायव्हरांना त्यांचंच उदाहरण द्यायच्या. सुट्टीभर बस शाळेच्या आवारात उभी असे. शाळा सोमवारी उघडणार होती आणि ठकीही त्याच दिवशी निघणार होती.

एकदा डोळ्यात भरलं की मग सगळंच दिसू लागतं. बाबांच्या डाव्या दंडावर काळेनिळे डाग होते. दारातून जाताना खांदा चौकटीला आपटायचा आणि ते चौकटीलाच शिव्या घालायचे. दाढी झाली तरी डाव्या गालावर खुंट तसेच. आणि आई? जन्मात कधी नवऱ्याच्या बरोबरीनं न चालणारी आई आता रस्त्यात नेमकी त्यांच्या डाव्या हाताला असायची.

शनिवारी सकाळी बाबा म्हणाले, "चल ठके, बस जरा फिरवून आणू. इतके दिवस उभी आहे, बॅटरी उतरली नसली म्हणजे मिळवली."

"मीही येते," आई आतून धावत आली. ठकी चकित झाली. आईला गाडी लागायची. लग्नकार्यालासुद्धा ती बसनं जायची टाळायची. पण आज ती चढली आणि थेट दाराशेजारच्या पहिल्या सीटवर जाऊन बसली.

बस मजेत निघाली. बाबा शीळ घालत होते. बाजाराच्या वळणावर आई खोकली आणि बाबांनी गाडी किंचित उजवीकडे घेतली. पुढे एक हातगाडी उभी होती; आई पुन्हा खोकली, गाडी पुन्हा सरकली. धुळीनं खोकतेय, असं ठकीला वाटलं. मग आईच्या पायाशी ठेवलेली पिशवी कलंडली. ती उचलायला आई वाकली आणि त्याच क्षणी डावीकडून धाडकन आवाज आला.

"खड्डा केवढा झालाय बघा!" बाबा म्हणाले.

ठकीनं मागच्या काचेतून पाहिलं. रस्त्याचं काम चाललं होतं. अडथळ्याची फळी मोडून पडली होती आणि तिच्या पलीकडे एक मजूर छातीवर हात ठेवून भिंतीला चिकटून उभा होता. बाबांची शीळ पुन्हा सुरू झाली होती.

घरी आल्यावर तिनं आईला स्वयंपाकघरात गाठलं.

"कधीपासून?"

आईनं नळ बंद केला नाही. "तू यायच्या थोडं आधी. सकाळी मोरीत चक्कर येऊन पडले. तासाभरात उठून चहा मागितला. डॉक्टरकडे चला म्हटलं, तर अंगावर धावून आले."

"आणि तू गप्प बसलीस?"

"गप्प कुठे? मोठ्या बाईंकडे गेले. बसमध्ये मुलांना चढवणारी बाई काम सोडून गेलीय, ती जागा मागून घेतली. सोमवारपासून मी दारात बसणार. त्यांची डावी बाजू मी. मला धूळ लागते, मी खोकले की गाडी उजवीकडे घ्या, एवढंच त्यांना सांगून ठेवलंय."

"आई, पोरांनी भरलेली असते ती बस! आणि उद्या तुला उगाच ठसका लागला तर? किंवा नेमक्या वेळेला खोकलीच नाहीस तर?"

"झाकली मूठ आहे, ती झाकलेली राहू दे," आई म्हणाली. "गाडीवरून उतरवलं तर हा माणूस जगायचा नाही. तू तुझी बॅग भर."

रविवारी ठकीनं बाबांनाच विचारलं. बाबा मोठ्यानं हसले. एक डोळा झाकून त्यांनी समोरच्या कॅलेंडरवरची तारीख वाचली, मग दुसरा झाकून वाचली. "दोन्ही ठणठणीत. चार बुकं काय शिकलीस, बापाची परीक्षा घेतेस?"

तिनं त्यांच्या डाव्या गालासमोर जरा पुढे हात धरला. "किती बोटं?"

"कुठे?" बाबा म्हणाले.

ते खोटं बोलत नव्हते. लपवतही नव्हते. डावीकडे जग आहे, हेच त्यांच्या गावी नव्हतं. आईनं तिचा हात धरून खाली ओढला.

सोमवारी आईबाबा निघाल्यावर ती मागोमाग शाळेत गेली. मोठ्या बाईंना सगळं सांगायचं, असं ठरवूनच निघाली होती. पण फाटकातून आत शिरली तर बाबा बसमध्ये चढत होते आणि आई कार्यालयाच्या पायऱ्यांवर शिपायाशी बोलत होती. आई बसल्याशिवाय गाडी हलणार नाही, असं ठकीला वाटलं. ती बसच्या पुढच्या डाव्या कोपऱ्याशी जाऊन उभी राहिली आणि आपण बाबांना दिसतो का ते पाहायला तिनं हात वर केला.

इंजिन सुरू झालं. गाडी वळवून पायऱ्यांशी लावायची असावी. बाबांनी समोर पाहिलं, उजवीकडे पाहिलं. लाल ओढणी घेतलेली त्यांची मुलगी भर उन्हात काचेपुढे उभी होती आणि त्यांच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. बस सरकली. आता दिसेन, आता दिसेन, असं म्हणता म्हणता ठकी तिथेच उभी राहिली. बंपर गुडघ्याला लागला आणि ती कोलमडली.

आईची किंकाळी सगळ्या आवारात घुमली. ब्रेक करकचला.

बाबा उतरून धावत आले. "काय झालं? कोण आहे?" वळसा घालून ते समोर आले तेव्हा कुठे त्यांना ठकी दिसली. "तू कुठून आलीस?"

"मी इथेच होते, बाबा. तुम्ही चढलात तेव्हापासून."

बाबांनी मान उजवीकडे वळवली. मग परत तिच्याकडे आणली. वळवली की ती नाहीशी, आणली की पुन्हा समोर. असं ते कितीतरी वेळ करत राहिले आणि दर वेळी त्यांचा चेहरा आणखी पांढरा पडत गेला. शेवटी त्यांनी चावी काढून आईच्या हातात दिली. "बाईंना सांग, दुसरा माणूस बघा."

ठकीचा गुडघा खरचटण्यावर निभावला. डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम आहेत, मोरीत पडले तो मेंदूचा झटका होता. गेलेली बाजू बहुधा परत यायची नाही. आणि असा झटका पुन्हा येऊ शकतो. कधी, ते सांगता येत नाही.

ठकी त्या आठवड्याच्या शेवटी कॉलेजला गेली. आईनं बसमधलं काम सोडलं नाही. नव्या ड्रायव्हरला तिच्या खोकल्याची गरज नाही. बाबा दिवसभर घरी असतात. घरात एकटेच असतात. कोणी ठकीला रागावलं नाही, चांगलं केलंस असंही कोणी म्हणालं नाही.

वसतिगृहात फोन वाजला की ठकी हातातलं काम टाकून उठते. आईचा असला तर आधी नुसता आवाज कसा आहे ते ऐकते. शब्दांकडे तिचं लक्ष नंतर जातं.