सुजलेला उजवा हात

मित्रांनो, मी एक जुनी, चाकांवर फिरणारी एक्स-रे मशीन आहे. जे रुग्ण खाटेवरून हलवता येत नाहीत, त्यांच्याकडे मला ढकलत नेतात. माझं एक चाक कुरकुरतं, म्हणून नर्स मला "आली म्हातारी!" म्हणतात. नवी होते तेव्हा मोठे डॉक्टर माझ्या फोटोंचं कौतुक करायचे आणि मीही भाव खायचे. आता कौतुक आठवत नाही, एक शिंपी तेवढा आठवतो.

अपघातात डोक्याला जबर मार लागून तो बेशुद्ध अवस्थेत आमच्याकडे आला होता. सगळी धावपळ जीव वाचवण्यासाठी होती, आणि ते बरोबरच होतं. मेंदूचं ऑपरेशन झालं, श्वासासाठी नळी लागली. छातीचा फोटो काढायला मी रोज सकाळी त्याच्या खाटेशी जायचे.

चौथ्या दिवशी त्याचं अंग पुसताना त्याची बायको म्हणाली, "सिस्टर, यांचा उजवा हात बघा ना, केवढा सुजलाय!"

"सलाईन होतं ना त्या हातात? उतरेल सूज." नर्सने सुई डाव्या हाताला लावली आणि उजव्याखाली उशी ठेवली.

"पण मनगटाला हात लावला की तोंड वाकडं करतात."

"डोक्याच्या मारात होतं तसं, ताई."

नर्स मनाने वाईट नव्हती. सलाईनने रोज कुणाचा ना कुणाचा हात सुजतो, म्हणून तिला वेगळी शंका आली नाही. शिंप्याला बोलता येत नव्हतं. मी वीतभर अंतरावर उभी होते, पण कशाचा फोटो काढायचा त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर फक्त 'छाती' लिहिलेलं असायचं.

पाच आठवड्यांनी तो शुद्धीवर आला, बायकोकडे बघून हसला. सगळा वॉर्ड खूश झाला. मग त्याच्या हातात चमचा दिला, तर तो गळून पडला. तेव्हा कुठे मला मनगटापाशी नेलं. हाड मोडलं होतं आणि वाकडंच जुळलं होतं.

"चूक आमची आहे," डॉक्टर म्हणाले. "पुन्हा ऑपरेशन करू. पण हात पहिल्यासारखा होईल असं सांगत नाही."

शिंप्याने बायकोला विचारलं, "कात्री तरी धरता येईल ना गं?"

"आधी घरी तर चला," ती म्हणाली.

आता आमच्याकडे बेशुद्ध रुग्णाला तिसऱ्या दिवशी डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत पुन्हा चाचपून बघतात. मित्रांनो, तुमचं कुणी असं निपचित पडलं असेल, तर तुम्हीही त्याचे हातपाय रोज बघा आणि समाधान होईपर्यंत विचारत राहा.

शिंप्याची बायको तपासणीला त्याच्याबरोबर येते. त्याच्या शर्टाची बटणं लावता लावता म्हणते, "मीच गप्प बसायला नको होतं." ते ऐकून मला फार लाज वाटते. तिने विचारलं होतं, मित्रांनो. आम्हीच ऐकलं नाही.