गोणी मधे हवी

खेळाचे सर अजून कायम झाले नव्हते. कायम होणार की नारळ मिळणार, हे आज येणाऱ्या पाहुण्या बाईंच्या हातात होतं. खेळाच्या तासाला मुलं एकमेकांना छळतात का, हे बघत त्या शाळाशाळांतून हिंडायच्या.

छळ? छे, नाव नको. सरांच्या तासाला भांडण नाही, तंटा नाही. त्यांची युक्तीच तशी होती. पोरांचं रिंगण करायचं, मधे गोणीला उभं करायचं आणि चेंडू द्यायचा सोडून. नियमाप्रमाणे चेंडू लागला की मधल्याने बाहेर यायचं, मारणाऱ्याने आत जायचं. पण गोणी वर्षभरात काही बाहेर आली नाही. पोरांचे हात तिच्यावर मोकळे होत, आपसातलं वैर उरत नसे, आणि सरांचा चहा झाडाखाली निवांत होई.

गोणी हे काही तिचं नाव नव्हे. आईने गोणपाटाची चड्डी शिवून दिली, त्याच दिवशी पोरांनी तिचं बारसं उरकलं. बाकीचे तरी कुठे राजघराण्यातले लागून गेले होते? एकाच्या सदऱ्याला बटणं नव्हती, दुसरा बहिणीचे बूट घालून यायचा. पण आपल्याहून फाटकं कोणी सापडलं की माणसाला कसं बरं वाटतं.

ती चड्डी पाहुण्यांच्या नजरेस पडायला नको, म्हणून सरांनी गोणीला चटयांच्या खोलीत बसवलं. "आवाज करायचा नाही," त्यांनी बजावलं. तिने मान डोलावली.

बाई आल्या, खुर्चीत बसल्या. सरांनी शिट्टी फुंकली. रिंगण झालं. ज्याच्या हातात चेंडू होता तो मधल्या रिकाम्या जागेकडे बघत राहिला. मग त्याने चेंडू शेजाऱ्याला दिला, शेजाऱ्याने पुढच्याला. चेंडू फिरून परत त्याच्याकडे आला.

"खेळा की रे," सर हसऱ्या तोंडाने दातओठ खात म्हणाले. "जा कोणीतरी मधे."

कोणी जागचं हललं नाही. मधे काय असतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

शेवटी बिनबटणाचा म्हणाला, "सर, पण गोणी नाहीये."

संपलं. सरांना नोकरी डोळ्यांदेखत जाताना दिसली. बाईंचे मात्र डोळे पाणावले.

"मैत्रीण नाही म्हणून खेळत नाहीत बिचारी," त्या म्हणाल्या. "बोलवा ना तिला."

गोणी आली. कोणी न सांगता रिंगणात मधोमध उभी राहिली आणि तिने दोन्ही हात तोंडावर घेतले. खेळ असा काही रंगला की बाईंनी टाळ्या वाजवल्या. इथे कोणालाही वगळलं जात नाही, असं सगळ्यांना ऐकवून आणि सरांना कायम करा म्हणून मुख्याध्यापकांना सांगून त्या गेल्या.

सरांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी चहा मागवला. तेवढ्यात गोणी पुढ्यात येऊन उभी राहिली. तिचा दंड लालभडक झाला होता.

"सर, पाहुणे परत कधी येणार?"

"का गं?"

"ते येणार असले की तुम्ही मला खोलीत बसवाल ना? तिथे कोणी मारत नाही. मी आवाजही केला नाही."

सरांना लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. रोज बस तिथेच, असं त्यांच्या ओठांवर आलंही होतं. पण मग उद्या मधे कोणाला उभं करायचं?

"बघू," सर म्हणाले आणि त्यांनी कप उचलला.