लोखंड्यानं दाखवलेलं पाणी

लातूर जिल्हा होऊन तिसरा उन्हाळा चालू होता आणि सलग दुसऱ्या वर्षी कापूस बोंडातच करपला होता. त्यामुळं जळकोटच्या शिवलिंगअप्पांचं कापसाचं गोदाम रिकामं पडलं. तिथं उंदीर नाचू देण्यापेक्षा माणसं बसवावीत म्हणून अप्पांनी हैदराबादहून टीव्ही, व्हिडिओ आणि जुन्या कॅसेटींचं एक खोकं आणलं. खिडक्यांना गोणपाट ठोकलं, खाली सतरंज्या टाकल्या आणि बाजाराच्या दिवशी भर दुपारी खेळ लावायचं ठरवलं.

खोकं उघडलं तेव्हा अप्पांनी कपाळावर हात मारून घेतला. हिंदी पिक्चर दोनच निघाले, तेही माणसांनी उदगीरला तीनतीनदा पाहिलेले. बाकीचे सगळे इंग्रजी, काळेपांढरे, कुठल्या जमान्यातले कोण जाणे. अन् सगळ्यांत तोच एक प्रकार! पुढच्या काळातून कुणीतरी अर्धा माणूस अर्धं यंत्र असा गडी एका पेटीतून बाहेर पडायचा आणि आजच्या माणसांना काहीतरी सांगायला धडपडायचा. ती पेटी म्हणजे सरळ सरळ कपडे ठेवायचं कपाट होतं. तीन पिक्चरमध्ये तेच कपाट होतं, नुसती कडी वेगळी. यंत्रमाणसाच्या डोळ्याच्या जागी बॅटरीची काच, छातीला पत्र्याचा डबा, आणि तो पाठमोरा झाला की अंगरख्याची उघडी राहिलेली चेन दिसायची.

“हे कोण बघणार?” अप्पा म्हणाले. तेवढ्यात कुणीतरी ग्यानोबाचं नाव काढलं.

ग्यानोबा सूर्यवंशी जळकोटपासून दीड कोसावरच्या केकतवाडीचा. सिकंदराबादला लष्करातल्या साहेबांच्या खाणावळीत त्यानं बारा वर्षं भांडी घासली होती. आई अंथरुणाला खिळली म्हणून तो परत आला, आई गेली आणि तो गावातच राहिला. गावाच्या लेखी त्याला इंग्रजी येत होतं. खरं म्हणजे ‘यस सर’, ‘हॉट वॉटर’ आणि ‘क्विक क्विक’ याच्या पलीकडं त्याची मजल नव्हती. पण पोष्टातून तार आली की लोक ती त्याच्याकडंच आणत, त्याला खाटेवर बसवत. बौद्धवाड्यातल्या माणसाला गावात खाटेवर बसायला मिळणं काही सोपी गोष्ट नव्हती. तार दुसऱ्या कुणाकडून गुपचूप वाचून आणायची आणि मान राखायचा, असं त्याचं चाललं होतं.

“ग्यानोबा, माईक हातात घे,” अप्पा म्हणाले. “ते काय बोलतेत ते आपल्या बोलीत सांगत जा.”

“हाव अप्पा,” ग्यानोबा म्हणाला. नाही म्हणायचं त्याच्या जिवावर आलं.

पहिल्या खेळाला त्यानं माईक उलटा धरला होता. पण यंत्रमाणूस पेटीतून बाहेर पडून पहिल्यांदा काही बोलला आणि ग्यानोबाच्या तोंडून आपोआप निघालं, “राम राम मंडळी, म्या लोखंड्या. दोनशे वर्सं पुढून आलो. नवा जिल्हा झालाय म्हणं, तुमची कचेरी कुठं हाय?” गोदाम हसून हसून फुटायची वेळ आली. त्या दिवसापासून ग्यानोबाचं नाव झालं. बाजाराला आलेल्या बाया भाजीच्या पाट्या दाराशी ठेवून आत येऊन बसू लागल्या. पडद्यावर कुणी भांडलं की तो त्यांना भावकीचं भांडण लावून द्यायचा, कुणी रडलं की लेकीला सासरी धाडायचा. लोकांना ठाऊक होतं का, की हे सगळं तो मनानं रचतोय? काहींना असेल. पण कुणी विचारलं नाही, आणि त्यानं सांगितलं नाही.

चैत्र सरता सरता एक दिवस नवी कॅसेट लागली. त्या दिवशी ग्यानोबा पहाटेपासून गावच्या आडावर उभा होता. बौद्धवाड्याची पाळी तिथं शेवटची असायची, आणि त्याची पाळी येईतो बादलीत निव्वळ गाळ यायला लागला होता. तसाच कोरड्या घशानं तो जळकोटला आला आणि माईक हातात घेतला.

पडद्यावर उघडाबोडका माळ होता. मधोमध दोन मोठे धोंडे, एक उभा, एक त्याच्यावर रेललेला. लोखंड्या हातात वाकडी तार घेऊन काहीतरी शोधत हिंडत होता. धोंड्यांपाशी आल्यावर तार थरथरली. तो खाली बोट दाखवून काहीतरी बोलला. त्याचं काय हरवलं होतं देव जाणे. ग्यानोबाच्या तोंडून शब्द निघून गेले, “हितं पाणी हाय. तीस हातांवर.”

गोदामात कुणी हसलं नाही.

खेळ सुटल्यावर केकतवाडीची सरजाबाई त्याच्याजवळ आली. सरजाबाई त्याच्या आईची मैत्रीण. नवरा नाही, मुलगी नांदेडच्या पलीकडं हदगावला दिलेली, बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडून हाताची बोटं वाकडी झालेली. ती त्याला हळूच म्हणाली, “ग्यानू, ते धोंडे आपल्या माळावरचे न्हवं का?”

बौद्धवाड्याच्या मागच्या माळावर खरोखरच तसे दोन धोंडे होते. ग्यानोबाच्या ते ध्यानातही आलं नव्हतं.

“मावशे, ते पिक्चर परदेशातलं हाय.”

“तिकडं कशाला येईल रे आपला धोंडा? पन दिसतोय तर तोच.”

संध्याकाळी तो बौद्धवाड्यात गेला तर निम्मी माणसं माळावर उभी होती. ग्यानोबानं तिथंच सगळ्यांसमोर सांगून टाकलं, “ऐका, मला इंग्रजी येत न्हाई. म्या मनानं सांगत होतो. त्याला पाण्याचं काही ठाऊक न्हाई, मलाबी न्हाई.” एवढं बोलताना त्याचे कान तापले. बारा वर्षांच्या नोकरीवर मिळालेली अब्रू त्यानं मातीत टाकली होती, निदान लोकांनी ऐकावं तरी.

“तुला येत न्हाई ना,” सरजाबाई म्हणाली, “मग तीस हात कुठनं आलं तुझ्या तोंडात? ईस का न्हाई? चाळीस का न्हाई?”



दुसऱ्या दिवशी कुदळी पडल्या. गावातले बसवंतअप्पा दुकानदार, लिंगायत समाजाचे, मनानं मोकळे. त्यांनी आपल्या पडक्या विहिरीवरचा रहाट आणि दोर काढून दिला. माणसं दिवसभर रोजगार हमीच्या कामावर माती उचलत आणि परत आली की दिवस मावळेपर्यंत इथं खणत. ग्यानोबाही खणत होता. पाणी लागणार नाही हे ज्याला पक्कं माहीत तोच सगळ्यांत खाली उतरून पहार मारत होता. बाया टोपली ओढत. कुणी कुणाला ओरडत नव्हतं. वाड्याची स्वतःची विहीर होणार होती, तिथं कुणाची पाळी पहिली आणि कुणाची शेवटची असं काही असणार नव्हतं. वर येऊन तो दम खात बसला की हे सगळं त्याला दिसायचं, आणि थांबा म्हणायला त्याची जीभ उचलायची नाही.

तिसऱ्या आठवड्यात, अठ्ठाविसाव्या हाताला मुरूम ओला लागला.

वाड्यात लहानथोर नाचले. सकाळी पाहिलं तर तळाशी ओंजळभर पाणी चमकत होतं. दोरानं खाली उतरून वाटीनं भरलं तर रात्रभराच्या पाझराची एक घागर भरली. दुसऱ्या दिवशीही एकच. आणखी दोन हात खणलं, तिथं काळा पाषाण लागला. सुरुंगाशिवाय तो हलणारा नव्हता आणि पाझर घागरीच्या वर जाईना. तरी लोकांनी काठावर आंब्याचे डहाळे बांधले, मेणबत्त्या लावल्या. सरजाबाईनं पहिली घागर वाड्यातल्या प्रत्येक घरी तांब्या तांब्या वाटली.

चौथ्या दिवशी जीप आली. टँकर कुठं लागतो कुठं नाही याची पाहणी करणारे एक साहेब होते. केकतवाडीला एक दिवसाआड टँकर यायचा, तो आडात ओतला जायचा आणि सगळं गाव त्यावर जगत होतं. साहेबांनी डहाळे बघितले, माणसांचे चेहरे बघितले.

“पाणी लागलं वाटतं?”

“लागलं साहेब, लागलं!” चार जण एकदम म्हणाले.

साहेबांनी वाकून आत पाहिलं. उन्हाची तिरीप नेमकी तळाला पोचली होती आणि खाली ओंजळभर पाणी चांदीसारखं लखलखत होतं. ग्यानोबा गर्दीतून पुढं घुसला. “साहेब, हे पाझर हाय. दिवसाला एक घागर. खाली पत्थर हाय.”

“ग्यानू!” सरजाबाईनं त्याचं मनगट धरलं. “पह्यल्या पाण्याला असं अभद्र बोलू न्हाई.”

“मावशे, ते लिहून घेतेत...”

“लिहू दे की. आपल्या वाड्याला पाणी लागलं म्हणून लिहितेत. आजवर कुणी लिहिलंय का?”

साहेबांनी लिहिलं. पुढच्या पाळीला टँकर आला नाही, त्याच्या पुढच्यालाही नाही. तलाठ्यांनी सांगितलं की केकतवाडीत नवा जलस्रोत उपलब्ध झाल्यामुळं टँकर बंद. गावातल्या कुणी वाड्याला बोल लावला नाही, एवढं मात्र खरं. बसवंतअप्पा ग्यानोबाला म्हणाले, “तूच जा बाबा लातूरला. तुला चार साहेबांत वावरायची सवय हाय.”

तो गेला. विचारत विचारत ज्या कचेरीत टँकरची यादी होती तिथं पोचला. कचेरी भाड्याच्या इमारतीत होती, व्हरांड्यात कागदांचे गठ्ठे ताडपत्रीखाली रचलेले. कारकून वयस्क होता, स्वभावानं वाईट नव्हता. त्यानं यादीवरून बोट फिरवलं.

“केकतवाडी. विहीर, नवी. पाणी आहे.”

“विहीर न्हाई साहेब, खड्डा हाय.”

“किती खोल?”

“तीस हात.”

“म्हणजे पंचेचाळीस फूट. पंचेचाळीस फुटांचा खड्डा म्हणजे विहीरच की हो.”

“पन पाणी न्हाई त्यात.”

“साहेबांनी स्वतः पाहिलंय असं लिहिलंय. आता हे बदलायचं तर फेरपाहणी. त्याला तुमच्या गावच्या जुन्या पाणवठ्यांचं रजिस्टर लागेल. ते जुन्या जिल्ह्याच्या गावी, उस्मानाबादेत असेल.”

ग्यानोबा दुसऱ्या दिवशी उस्मानाबादला गेला. तिथं सांगितलं, तुमच्या भागाचं सगळं दप्तर दोन वर्षांपूर्वीच ट्रकनं लातूरला धाडलं. तो परत लातूरला आला. कारकुनानं व्हरांड्यातल्या गठ्ठ्यांकडं हात केला. “मग ह्यात असेल. लावायला माणूस नाही.” मग त्याचं सुकलेलं तोंड बघून त्यानं माठातलं पाणी दिलं. ग्यानोबानं दोन पेले रिचवले, तिसरा मागताना त्याला लाज वाटली.

“पण खणलंत तरी कशावरून? पाणाड्या आणला होता का?”

ग्यानोबानं सांगून टाकलं. पेटी, बॅटरीचा डोळा, वाकडी तार, तीस हात. कारकून आधी ऐकत होता, मग त्याचे खांदे हलायला लागले, मग डोळ्यांतून पाणी आलं. त्यानं शेजारच्या दोघांना बोलावलं. “अहो, हे ऐका. पाहुणे, पुन्हा एकदा सांगा बरं.” आणि ग्यानोबानं पुन्हा सांगितलं. खूश झाले तर कदाचित गठ्ठा शोधतील, असं त्याला वाटलं. गोदामात जसं सांगायचा तसं, लोखंड्याचा आवाज काढून सांगितलं. तिघंही पोट धरून हसले. मग जेवणाची सुट्टी झाली आणि कारकून म्हणाला, “अर्ज ठेवून जा. बघतो मी.”

अर्ज ठेवून तो गावी आला. आता सगळ्यांना नाल्यापलीकडच्या मळ्यातल्या विहिरीवर जावं लागत होतं, पाऊण कोस. पायऱ्या उतरून तळाशी जायचं, वाटीनं भरायचं. आठव्या दिवशी सरजाबाई भरली घागर घेऊन वर येताना घसरली. ग्यानोबानं आणि आणखी तिघांनी तिला खाटेवर घालून आणलं. उदगीरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, खुब्याचं हाड मोडलंय, या वयात जुळणं कठीण, घरी न्या, सांभाळा.

ग्यानोबा रोज तिच्याकडं पाणी नेऊन ठेवायचा. शिवलिंगअप्पांचा निरोप आला होता, बाजाराला माणसं खोळंबलीत म्हणून. तो गेला नाही. एका दुपारी तिच्या उशाशी बसून त्यानं मान खाली घातली.

“मावशे, माझ्या तोंडानं झालं हे. त्या दिवशी गप बसलो असतो तर...”



“तू सांगितलंस म्हणून न्हाई रे खणलं,” ती म्हणाली. “आमाला खणायचंच हुतं. कुणीतरी हितं खणा म्हणायला पायजे हुतं. बाहत्तर सालापासून कुणी म्हणलं न्हाई.” मग तिनं पाय हलवायचा प्रयत्न केला आणि तिचा चेहरा पिळवटला. ग्यानोबा उठला, पुन्हा बसला. त्याला करण्यासारखं काहीच नव्हतं. त्यानं फडकं ओलं करून तिच्या कपाळावर ठेवलं.

मुलगी आणि जावई हदगावहून आले आणि तिला न्यायचं ठरलं. तिकडं बोअर होता, पाणी होतं. जळकोटच्या स्टँडवर नांदेडची गाडी लागली तेव्हा ग्यानोबानं तिला दोन्ही हातांवर उचलून मागच्या लांब सीटवर आडवं केलं. पाखरासारखी हलकी झाली होती. कंडक्टरनं कटकट केली नाही. मुलीनं बोचकी सीटखाली सारली आणि एक घागर खिडकीतून ग्यानोबाकडं दिली. “ही कुठं ठेवू? गाडीत जागा न्हाई. तुमीच वापरा दादा.” सरजाबाई आतून काहीतरी म्हणाली, पण इंजिन सुरू झालं होतं आणि त्याला ऐकू आलं नाही. तो गाडीबरोबर चार पावलं चालला, “काय म्हणली? काय म्हणली?” असं मुलीला विचारत. गाडी वळली.

तो केकतवाडीला न जाता थेट मळ्याकडं गेला. विहिरीवर रांग नाल्यापर्यंत आली होती. टँकरचं अजून काहीच नव्हतं. अर्जाला उत्तर नव्हतं, आणि आकाश पितळेसारखं घासून ठेवलेलं होतं. तो शेवटी उभा राहिला. पुढं उभी असलेली वाड्यातली भामाबाई वळून बघत म्हणाली, “ही तर सरजाबाईची घागर. ती गेली न्हवं आज? मग कुणासाठी भरतोस?”

ग्यानोबानं घागरीकडं पाहिलं. मग ती, सरजाबाईची जागा राखावी तशी, रांगेत पुढं सरकवली आणि घागरीमागं उभा राहिला.